तीन पानं, झाकलेली आणि उघडी

लोणावळ्यात तुंगार्लीच्या बंगल्यांवर शनिवारी रात्री डाव रंगतो तो बहुधा तीन पत्तीचा. हल्ली त्याच टेबलावर पोकरच्या चिप्सही निघतात. दोन्ही खेळांची नाळ इंग्लंडच्या ‘ब्रॅग’ला जाऊन मिळते. पत्त्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्या एडमंड हॉइलने 1751मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली होती. साहेबाबरोबर ब्रॅग इकडे आला आणि तीन पत्ती झाला. अमेरिकेत त्याचा अंश पोकरमध्ये उतरला.

तीन पत्तीत पानं शेवटपर्यंत झाकलेली, म्हणून समोरच्याचा अंदाज चालीवरूनच घ्यायचा. ब्लाइंडवाल्याने, म्हणजे पानं न पाहता खेळणाऱ्याने, शंभर टाकले की पाहून खेळणाऱ्याला किमान दोनशे, फार तर चारशे. न पाहणारा अर्ध्या भावात बसतो आणि कच्चा हात असलेल्याला पॅक करायला लावतो. ऐट सगळी त्याचीच!

पोकरमध्ये मात्र फेऱ्या वाढत गेल्या. टेक्सासच्या होल्डेममध्ये दोन पानं हातात आणि पहिल्या बोलीनंतर तीन पानं मधोमध उघडी, तोच फ्लॉप. नो-लिमिटमध्ये तर आपल्यापुढचा चिप्सचा सगळा ढीग एका दमात पुढे सारता येतो. नावाजलेला पोकर खेळाडू डॉयल ब्रन्सनने 1970च्या दशकातच सांगून ठेवलं होतं, की आधी रेझ केलेल्याने, म्हणजे बोली वाढवलेल्याने, फ्लॉपनंतरही मारत राहावं. हिशेब सरळ आहे. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर निदान जोडी लागते ती साधारण तीनांत एकदा. हजाराच्या पॉटवर पाचशे लावले आणि समोरचा तीनांत एकदा जरी पॅक झाला, तरी बरोबरी सुटते. पोकर खेळाडू डॅन हॅरिंग्टनच्या 2004च्या पुस्तकानंतर फ्लॉपवरची ही बेट ‘कंटिन्युएशन बेट’ म्हणून ज्याच्या-त्याच्या तोंडी झाली. मग लोक डोळे झाकून पॅक होईनात, आणि फ्लॉप कसा पडला ते बघून बेट लावणं आलं. वेगवेगळ्या रंगांचे राजा, सत्ती, दुर्री उघडले तर छोटी बेटही पुरते. बदाम दश्शी, बदाम नव्वी, किलवर अठ्ठी आली, की समोरच्याकडे सिक्वेन्सची किंवा फ्लशची आशा असते, तो सहजी हलत नाही.

तीन पत्तीत मुरलेला गडी इथेच फसतो. त्याला ब्लाइंडची ऐट ठाऊक, पण इथली तीन पानं सगळ्यांना दिसतात. आधीच्या बोलीशी आणि त्या पानांशी न जुळणारी मोठी बेट लावली की थाप लगेच पकडली जाते.

कायद्याला या फरकाशी फारसं देणंघेणं नाही. 1887चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा नाव बदलून आजही लागू आहे, आणि यजमानाने नाल, म्हणजे डावातला आपला वाटा, काढली की बंगल्याचा अड्डा होतो. राज्याचा 1976चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही. 2023मध्ये तोही रद्द झाला. कायदेशीर टेबल हवं त्याने गोवा गाठावा.