मु. पो. पांढुर्णा

ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही, पुढेही पाहण्याचा संभव नाही, त्याला आपल्या गावाची हकिकत चार ओळींत लिहून धाडायची आणि तशाच कुणा अनोळख्याच्या कार्डाची वाट पाहायची, हा छंद पुष्कळांना पोरकट वाटतो. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने तो करावा हे तर काहींना शोभतही नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या छंदाने एक विषय दिला. तो विषय म्हणजे आपला पत्ता.

पोस्टकार्ड मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीचे. इमॅन्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने किरकोळ निरोपासाठी पूर्ण पत्राचा खर्च कशाला, असा प्रश्न केला आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी तेथे पहिले कार्ड विक्रीस आले. १८७४ साली बर्न येथे राष्ट्रांनी टपालाचा करार केला, हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. १ जुलै १८७९ पासून आपल्याकडे पाव आण्याचे कार्ड मिळू लागले.

आपल्या मुलखात ते लवकरच घरचे झाले. लग्नाचे असेल तर कोपऱ्याला हळदकुंकू, मयताचे असेल तर कोपरा फाडलेला. अक्षर न येणाऱ्यालाही अर्धी बातमी दारातच कळे. उरलेली पोस्टमन वाचून दाखवी आणि ओसरीवर बसलेले सगळे ऐकत. परक्याने आपले कार्ड वाचावे यात आम्हांला नवल ते काय!

आता त्या कार्डाच्या पत्त्याकडे पाहा. १८७९ साली सौंसरला आलेल्या कार्डाचा मुलूख मध्यप्रांत होता. १९३६ साली तो ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ झाला. १९५० साली मध्यप्रदेश झाला, राजधानी मात्र नागपूरच राहिली. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मागे राहिला आणि आमची राजधानी भोपाळला गेली. गंमत अशी की पत्ता बदलला तो नागपूरकरांचा. आम्ही आदल्या दिवशीही ‘म. प्र.’ लिहीत होतो, दुसऱ्या दिवशीही ‘म. प्र.’च. अक्षरे तीच राहिली, त्यांच्यामागचे राज्य तेवढे निराळे झाले. सोयरीक मात्र काटोल-नरखेडकडे होती तशीच राहिली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले आणि आमच्या पत्त्यातून ‘जि. छिंदवाडा’ गळाले.

या साऱ्या उलथापालथीत टिकून राहिले ते ‘मु. पो.’. सरकारी कागदावर ‘ग्राम’ असते, आमची म्हातारी माणसे मात्र ‘मुक्काम पोस्ट’च लिहितात. लिपी दोन्ही भाषांची एकच, म्हणून टपालवाल्याचे काही अडत नाही. त्याच कारणाने आमची मराठी कुणाच्या नजरेलाही येत नाही, हे दुःख वेगळे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. संस्कृतात काव्ये-नाटके लिहिणारा हा मराठी माणूस. त्यांच्या योजनेत महाराष्ट्र, गोवा आणि मध्यप्रदेश यांना पहिला आकडा एकच मिळाला, चार. नागपूर ४४०००१, सौंसर ४८०१०६, पांढुर्णा ४८०३३४. राज्यपुनर्रचनेने जे तोडले ते टपाल खात्याने निदान एका आकड्यापुरते जोडले, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात.

छंदाकडे वळतो. पूर्वी पत्रमित्र असत, आता ‘पोस्टक्रॉसिंग’ आहे. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने ते १४ जुलै २००५ रोजी सुरू केले. संगणक जगातल्या कुणाचा तरी पत्ता आणि एक क्रमांक देतो. तो क्रमांक लिहून आपण कार्ड धाडायचे. पोहोचल्याची नोंद झाली की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला जातो. ज्याला लिहिले त्याच्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही! देणेघेणे समसमान, पण समोरासमोर नाही. मला ही रीत फार सभ्य वाटते.

चार ओळींत गाव सांगायचे तर काय सांगावे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार मी लिहीत नाही. ती वर्तमानपत्रे लिहितातच, आणि दगडांनी डोकी फुटतात हे परक्याला पहिल्याच भेटीत का सांगावे? मी संत्र्यांविषयी लिहितो. मग इंग्रजी मजकुराखाली मराठीत एक ओळ. परवा फिनलंडहून पोच आली, त्यात विचारले होते: खालची ओळ हिंदी आहे ना?

पोचेलाही उत्तर पाठवता येते. मी लिहिले, ती मराठी आहे. आमचे राज्य हिंदीचे आहे, घर मराठीचे. तिकडून पुन्हा दोन ओळी आल्या: आमच्याही गावात पाट्या दोन भाषांत असतात, फिन्निश आणि स्वीडिश. तुमच्या गावात कोणत्या?