हजारे, विजय सॅम्युअल

(११ मार्च १९१५ – १८ डिसेंबर २००४). भारतीय कसोटी क्रिकेटपटू व कर्णधार. जन्म सांगली येथे. उजव्या हाताचे फलंदाज आणि उपयुक्त मध्यमगती गोलंदाज. ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. संस्थानिकांच्या आश्रयावर खेळाडूंचा चरितार्थ चालण्याच्या त्या काळात त्यांची कारकीर्द प्रामुख्याने बडोद्यात बहरली.

महाराष्ट्राकडून १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध काढलेल्या नाबाद ३१६ धावा हे रणजी करंडकातील पहिले त्रिशतक होय. १९४३-४४ च्या धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी स्पर्धेतील सामन्यात इतर धर्मीयांच्या ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून त्यांनी (२८८) गुल महंमद (३१९) यांच्यासोबत चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीच्या सर्वोच्च भागीदारीचा हा विक्रम २००६ पर्यंत टिकला.

त्यांची थोरवी सर्वाधिक दिसली ती जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल-मिलर यांच्या माऱ्यासमोर त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ व १४५) झळकावली. कसोटीत असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात सहा सहकारी शून्यावर बाद झाले, हे ध्यानात घेतल्यास १४५ धावांचे मोल कळते.

त्यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्यांनी ३० कसोटींत ७ शतकांसह २,१९२ धावा केल्या. पद्मश्री (१९६०). बडोदा येथे निधन. आंतरराज्य एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावे आहे.