राउंडक्यूब
राउंडक्यूब : होस्टिंग घेतलेल्या डोमेनवरचे ई-मेल ब्राउझरमधून वाचण्यासाठी आणि पाठवण्यासाठीचा मुक्तस्रोत वेबमेल प्रोग्रॅम. स्वित्झर्लंडमधील प्रोग्रॅमर थॉमस ब्रूडर्ली यांनी तो २००५ मध्ये सुरू केला, १.० ही आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. पीएचपीमध्ये लिहिलेला असून जीपीएल परवान्याखाली तो मोफत मिळतो. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ असे पत्ते स्वतःच्या डोमेनवर चालवणाऱ्या छोट्या कंपन्या, शाळा आणि संस्थांना होस्टिंगबरोबर बऱ्याचदा हाच वेबमेल मिळतो. त्यामुळे तो रोज उघडणाऱ्या कित्येकांना त्याचे नावही ठाऊक नसते.

राउंडक्यूबमध्ये मेल साठत नाहीत. ते मेल सर्व्हरवर असतात. राउंडक्यूब ते आयमॅप या प्रोटोकॉलने तिथून आणून दाखवतो आणि लिहिलेले मेल एसएमटीपीने पाठवतो. आयमॅपची मूळ रचना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे केली. मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही पाहायचे, ही कल्पना तेव्हाचीच. राउंडक्यूबच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात ती वापरणाऱ्याची सेटिंग्ज, सही, संपर्कांची वही आणि काही तात्पुरत्या नोंदी. म्हणून वेबमेल बदलणे हे मेल सर्व्हर बदलण्याइतके जोखमीचे काम नाही. एकाच सर्व्हरवर दोन वेबमेल शेजारी-शेजारी चालवले तरी दोन्हींत तेच मेल दिसतात. अपवाद मेल उतरवून घेणाऱ्या पॉप या प्रोटोकॉलचा. ऑफिसातल्या एखाद्या संगणकावरचे आउटलुक पॉपने मेल उतरवून सर्व्हरवरचे पुसत असेल, तर वेबमेलचा इनबॉक्स रिकामा दिसतो आणि दोष वेबमेलला दिला जातो. पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाण्याचेही तसेच. तिथे डोमेनच्या डीएनएसमधल्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी तपासायच्या असतात.

पर्यायांची स्थिती पाहिली की राउंडक्यूब का टिकला ते कळते. १९९९ मध्ये सुरू झालेला स्क्विरलमेल हलका होता, जावास्क्रिप्टशिवायही चालायचा; पण त्याची १.४.२२ ही स्थिर आवृत्ती २०११ ची, त्यानंतर काम जवळपास थांबले. १९९८ पासूनचा होर्ड कॅलेंडर, कामांची यादी, टिपणे असा मोठा संसार घेऊन येतो. सीपॅनेल या होस्टिंग पॅनेलने आधी स्क्विरलमेल आणि नंतर होर्ड काढून टाकला, राउंडक्यूब राहिला. रेनलूप दिसायला देखणा आणि डेटाबेसशिवाय चालणारा, पण त्याची देखभाल मंदावल्यावर त्यातून स्नॅपीमेल हा वेगळा प्रकल्प निघाला. सामायिक कॅलेंडर हवे असणाऱ्या संस्थेने सोगो पाहावा. केवळ मेलसाठी तो जड पडतो. निवड करताना लोक आधी रूप पाहतात, पण पाहायला हवी ती सुरक्षा दुरुस्त्यांची नियमितता. रूपाचा प्रश्न राउंडक्यूबने २०१९ मधील १.४ आवृत्तीतच बऱ्यापैकी सोडवला आहे: ‘इलॅस्टिक’ ही थीम मोबाइलवरही नीट बसते.

वेबमेलमधील त्रुटी इतकी महाग का पडते, याची दोन उदाहरणे खुद्द राउंडक्यूबचीच आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विंटर व्हिवर्न’ या हेरगिरी करणाऱ्या गटाने युरोपातील सरकारी कार्यालयांवर हल्ला केला. त्यात मेल ब्राउझरमध्ये नुसता उघडणे पुरेसे होते, कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. जून २०२५ मध्ये दुरुस्त झालेली दुसरी त्रुटी दहा वर्षांहून अधिक काळ प्रोग्रॅममध्ये पडून होती. एका साध्या खात्याचा पासवर्ड हाती असलेल्याला तिच्यातून थेट सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत ती बुजवली गेली. दोन्ही वेळी दुरुस्ती उपलब्ध झाली, हे राउंडक्यूबच्या बाजूचे. ती बसवायची कोणी, हा प्रश्न उरतो. सीपॅनेलमधला राउंडक्यूब पॅनेलबरोबर अद्ययावत होतो. स्वतः बसवलेल्याची काळजी स्वतःच घ्यावी लागते. महिन्याला एकदाही सर्व्हरकडे पाहणारे माणूस नसेल, तर होस्टिंगबरोबर आलेलाच वेबमेल वापरावा.

स्वतः बसवायचा असल्यास पीएचपी आणि मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट यांपैकी एक डेटाबेस लागतो. मोजक्या लोकांच्या कार्यालयाला एसक्यूलाइट पुरतो. प्रोग्रॅमबरोबरचा इन्स्टॉलर ब्राउझरमधून प्रश्न विचारत सेटिंगची फाइल तयार करतो. आयमॅपसाठी ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट द्यावेत. सत्रातले पासवर्ड गूढ करण्यासाठी २४ अक्षरांची किल्ली लागते. ती नमुना फाइलमधली तशीच ठेवू नये. काम झाल्यावर इन्स्टॉलरचे फोल्डर पुसावे. उघडे राहिलेले इन्स्टॉलर म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवण्यासारखे. वेब सर्व्हरचा रोख प्रोग्रॅममधल्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरकडे ठेवावा, म्हणजे सेटिंग आणि लॉगच्या फाइली बाहेरून वाचता येत नाहीत. एचटीटीपीएस तर हवेच.

मोठी फाइल जोडता येत नाही ही तक्रार बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच येते. कारण पीएचपीची मूळ मर्यादा : एका फाइलला २ एमबी, एका वेळच्या एकूण मजकुराला ८ एमबी. या दोन्ही वाढवाव्या लागतात, आणि मेलमध्ये जोडलेली फाइल मूळ आकाराच्या सुमारे एक तृतीयांशाने फुगते हे धरून सर्व्हरची मर्यादाही पाहावी लागते. दुसरी तक्रार ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ अशा दोन फोल्डरांची. फोन, आउटलुक आणि वेबमेल आपापले नाव वापरतात. सेटिंग्जमध्ये एकच फोल्डर निवडून ती मिटते.

इंटरफेसच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. फोल्डरचे नाव देवनागरीत ठेवता येते, मजकूर यूटीएफ-८ मध्ये जातो.

२०१५ मध्ये ‘राउंडक्यूब नेक्स्ट’ या नव्या रचनेसाठी लोकवर्गणीतून १ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, पण तो प्रकल्प पूर्ण झाला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राउंडक्यूब नेक्स्टक्लाउड या कंपनीच्या छत्राखाली आला. स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून तो पुढेही मिळत राहील असे तेव्हाच सांगण्यात आले.

होस्टिंग बदलताना मेल आयमॅपने नव्या सर्व्हरवर नेता येतात. संपर्क मात्र जुन्या राउंडक्यूबच्या डेटाबेसमध्येच राहतात, म्हणून ते आधी व्हीकार्ड फाइलमध्ये उतरवून घ्यावेत. आलेले मेल आपोआप फोल्डरात टाकणारे नियम सीव्ह या भाषेत मेल सर्व्हरवर लिहिलेले असतात. त्यांची फाइल वेगळी काढावी लागते, आणि नव्या सर्व्हरवर सीव्ह नसेल तर ते नियम तिथे चालत नाहीत.