मांडीतून मानेत

डायलिसिसचं यंत्र आधी आलं. त्याच्यापर्यंत रक्त न्यायची वाट बरीच नंतर सापडली. विलेम कोल्फने 1943 मध्ये नेदरलँड्समधल्या काम्पन गावी फिरत्या ड्रमचं यंत्र चालवलं. पहिली रुग्ण 29 वर्षांची. तिचं बारा वेळा डायलिसिस झालं, मग उघडायला रक्तवाहिनीच उरली नाही. यंत्र ठणठणीत होतं, बाई गेली.

स्टॉकहोमच्या सेल्डिंगरचा किडनीशी संबंध नव्हता. त्याला रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढायचे होते. सुई टोचायची, तिच्यातून तार सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची, ही त्याची 1953 ची युक्ती. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात स्टॅन्ली शाल्डनने 1961 मध्ये ती उचलली आणि जांघेतल्या धमनीत व शिरेत नळ्या घातल्या. फिजिशियनला आता सर्जनची वाट बघायला नको! माझ्या मते या नळीचा खरा जन्म इथला.

पण जांघेत नळी असली की चालणं अवघड, आणि जंतूंना ती जागा फार सोयीची. म्हणून नळी गळपट्टीच्या हाडाखाली गेली: 1969 मध्ये चेकोस्लोव्हाकियात एर्बेनने घातली, पुढे टोरांटोच्या उल्डॉलने ती रुळवली. रुग्ण हिंडू-फिरू लागला, नळी सदऱ्याखाली झाकली गेली. सुई फुप्फुसाला लागण्याची भीती होती, पण तो अपघात लगेच कळतो. खरी फसगत उशिरा कळली. नळीच्या घासण्याने शीर आतून अरुंद व्हायची, त्या बाजूचा हात सुजायचा. त्याच हातावर कायमचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी-शिरेची जोडणी, करायचा असला, तर तोही वाया. तात्पुरत्या सोयीने कायमची वाट बुजवली.

मग मान. तीही आधी उजवी, कारण तिथली शीर जवळपास सरळ हृदयाकडे उतरते. डावीकडून नळीला वळणं घ्यावी लागतात. शेजारीच धमनी असूनही पूर्वी हाताच्या अंदाजाने टोचत; आता सोनोग्राफीत सुईचं टोक बघत टोचतात आणि टोक हृदयाच्या तोंडाशी बसलं का, ते एक्स-रेत तपासतात. महिनोन्‌महिने ठेवायच्या पर्मकॅथला कातडीखालून बोगदा काढतात. त्यातल्या डेक्रॉनच्या पट्टीत मांस रुजतं आणि बाहेरचे जंतू नळीच्या कडेने आत शिरत नाहीत. ही पट्टी सिएटलच्या टेंकहॉफने 1968 मध्ये पोटाच्या डायलिसिसच्या नळीवर बसवली होती.

नळीच्या पोकळीतून शिरणाऱ्या जंतूंना मात्र ही पट्टी अडवत नाही. म्हणून टोपण उघडताना सिस्टर स्वतः मास्क लावते, रुग्णालाही लावायला सांगते.