गावच्या वेशीवरील तार

हैदराबादचे नाव निघाले की चारमिनारच्या पाठोपाठ आज आठवण होते ती हायटेक सिटीची. १९९८ साली तिची पहिली इमारत उभी राहिली आणि पुढील पंचवीस वर्षांत ह्या जुन्या राजधानीचा पश्चिमेकडचा खडकाळ माळ काचेच्या मनोऱ्यांनी झाकून गेला. तेथे बसून जगाच्या पाठीवरील कोणत्याही शहराशी क्षणार्धात बोलता येते. परंतु जे साधन शहराला व्यापाराच्या ओघात आपोआप मिळते, तेच खेड्याला मिळावयाचे असेल तर कोणीतरी कोणाकडे तरी अर्ज करावा लागतो, पैसा मागावा लागतो, आणि तो का हवा हे पटवून द्यावे लागते. ह्या मागण्याचा व देण्याचाही एक इतिहास आहे. हैदराबादच्या परिसरात तो फार स्पष्टपणे वाचावयास मिळतो. आणि त्याची काही पाने आपल्या मराठी मुलखातही सापडतात.

प्रारंभ करावयाचा तो निजामी अमदानीपासून. १९३५ सालच्या ३ फेब्रुवारीला हैदराबादेत डेक्कन रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. संस्थान बहुभाषिक होते. तेलंगणचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कन्नड भागाचे तीन असे त्याचे सोळा जिल्हे. त्यामुळे उर्दूचे प्राबल्य असले तरी तेलुगु, मराठी व कानडी ह्या भाषांनाही त्या केंद्रावरून वाट मिळाली. परभणी किंवा बीड जिल्ह्यातील एखाद्या खेडुताला हैदराबादेत उच्चारलेला मराठी शब्द ऐकता यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु तो ऐकावयास जवळ यंत्र हवे आणि यंत्र चालावयास वीज किंवा बॅटरी हवी. दोन्ही गोष्टी होत्या त्या वाड्यात आणि गढीत; सामान्य रयतेच्या घरात नव्हत्या. आवाज आकाशातून फुकट येत होता, पण त्याला झेलणारे भांडे विकत घ्यावे लागत होते. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र आकाशवाणीत विलीन झाले, १९५६ साली संस्थानाची त्रिभागणी झाली, परंतु हे कोडे तसेच राहिले.

ते सोडविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न त्याच १९५६ साली पुण्यात झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठी भाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका व मते केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ ह्यांनी ह्या प्रयोगाची कसून परीक्षा केली. त्यांनी तीन प्रकारची खेडी ताडून पाहिली: मंडळ असलेली, नुसताच रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. मंडळाच्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांतील वाढ मात्र नगण्य होती. यंत्र दिल्याने गाव शहाणे होत नाही; यंत्राभोवती माणसे बसली आणि त्यांना उलट बोलता आले, म्हणजे होते. अनुदानाच्या अर्जात यंत्रांची संख्या लिहिणे सोपे असते. त्या बैठकीची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

पुढचे पान १९७५ सालचे. त्या वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने आपल्याकडे खेड्यांसाठी दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील वीस जिल्ह्यांत मिळून सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. कार्यक्रम तयार करण्याची जी तीन प्रमुख केंद्रे होती, त्यांत दिल्ली व कटक ह्यांच्या जोडीला हैदराबाद होते. तारेच्या जाळीच्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या छत्र्या गावोगाव उभ्या राहिल्या. सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम लागत. एकाच चित्राबरोबर दोन ध्वनी पाठविण्याची सोय त्या उपग्रहावर होती. त्यामुळे मेदक, महबूबनगरात जे चित्र तेलुगुतून बोले, तेच गुलबर्गा, रायचुरात कानडीतून बोले. जुन्या संस्थानाचे दोन तुकडे अशा रीतीने वर्षभर पुन्हा एका चित्रापुढे बसले. मराठवाडा मात्र त्यात नव्हता, कारण निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. पुढे हैदराबाद, गुलबर्गा आदी ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपक उभारून काही खेड्यांपुरता हा क्रम चालू ठेवण्यात आला. उरलेल्यांच्या पदरी आठवण राहिली. प्रयोग यशस्वी झाला ह्यात शंका नाही. त्यातून शास्त्रज्ञ, अभियंते, निर्माते पुष्कळ शिकले, आणि देशाचा पुढील उपग्रह कार्यक्रम त्या शिक्षणावर उभा राहिला. परंतु ज्या गावाने वर्षभर रोज संध्याकाळी चौकात बसून चित्रे पाहिली, त्या गावाच्या दृष्टीने प्रयोग आणि उपकार ह्यांत भेद नसतो. मुदतीचे अनुदान हे उसन्या बैलासारखे असते. नांगरणी होते, पेरणीच्या वेळी मालक दावे सोडून त्याला घेऊन जातो.

आता जे उदाहरण सांगावयाचे आहे, ते मला ह्या सर्वांत अधिक बोलके वाटते. हैदराबादहून सोलापूरकडे येताना जहीराबाद लागते. त्या तालुक्यात पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था दलित शेतकरी स्त्रियांच्या गावोगावच्या संघांबरोबर काम करीत आली आहे. ज्वारी-बाजरी आणि कडधान्ये पिकविणाऱ्या, बहुतेक निरक्षर अशा ह्या स्त्रियांना स्वतःचे रेडिओ केंद्र हवे होते. १९९६च्या सुमारास युनेस्कोने त्यासाठी पैसा दिला. माचनूर गावी ध्वनिमुद्रणाची खोली झाली, मनोरा झाला, यंत्रे आली, मुली ती चालवावयास शिकल्या. १९९८ पर्यंत सर्व सिद्ध झाले. नव्हता तो फक्त परवाना.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले होते. तरीही सामान्य नागरिकांच्या संस्थेला रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा कायद्याच्या व्यवहारात नव्हती. २००० सालच्या जुलै महिन्यात हैदराबाद व पस्तापूर येथे ह्या विषयावर परिषद भरली आणि पस्तापूरच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध झाले. २००२ साली शासनाने मुभा दिली, पण ती शिक्षणसंस्थांना. २००६ साली नवे धोरण आले, त्यात सेवाभावी संस्थांना स्थान मिळाले. आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचे संघम रेडिओ अखेर हवेत बोलले. मधली दहा वर्षे त्या स्त्रियांनी काय केले? त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत राहिल्या आणि फिती गावोगावच्या संघांच्या बैठकींत नेऊन वाजवीत राहिल्या. मनोरा मुका होता, पण केंद्र मुके नव्हते. पैसा आधी आला आणि अधिकार दहा वर्षांनी. तरी ते काम तगले, कारण मागणी त्या स्त्रियांची स्वतःची होती.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आजच्या ब्रॉडबँडकडे पाहावयास हवे. खेड्यापर्यंत तार नेणे धंद्याच्या हिशेबाने परवडत नाही; घरे थोडी, अंतर मोठे आणि गिऱ्हाईक गरीब. हे ओळखून १९९९च्या दूरसंचार धोरणात एका सार्वत्रिक सेवा निधीची कल्पना मांडण्यात आली, १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला आणि २००३च्या कायद्याने त्याला आधार मिळाला. दूरध्वनी कंपन्यांच्या हिशेबी उत्पन्नातील पाच टक्के त्यासाठी घेतले जातात. म्हणजे शहरात आपण जे बिल भरतो, त्याचा एक लहान वाटा खेड्याच्या तारेसाठी बाजूला पडतो. २०२३च्या दूरसंचार कायद्याने ह्याच निधीला डिजिटल भारत निधी असे नवे नाव मिळाले.

ह्या निधीच्या बळावर २०११च्या ऑक्टोबरात सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. तालुक्यापर्यंत तार बहुतेक ठिकाणी होती. तालुका ते पंचायत हे अंतर तोडावयाचे होते. पहिल्या टप्प्यात २०१७च्या अखेरीस एक लाखावर पंचायतींपर्यंत ती पोहोचली. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ते महानेट म्हणून ओळखले गेले, आणि तेलंगणात टी-फायबर. तेलंगणाने एक व्यवहारी युक्ती केली. घरोघर पाणी नेण्याच्या मिशन भगीरथ योजनेसाठी चर खणले जात होते, त्याच चरांतून तारेची नळीही टाकली. एका खड्ड्यात दोन कामे साधली. २०२४च्या डिसेंबरात निवडक गावांतील घरांपर्यंत ही सेवा प्रायोगिक रीतीने सुरू झाली, आणि पुढील कामासाठी राज्याने केंद्राकडे १,७७९ कोटी रुपयांचे दीर्घ मुदतीचे बिनव्याजी कर्ज मागितले. अर्ज करणे कोणाला चुकले आहे? खेडे पंचायतीकडे मागते, पंचायत राज्याकडे आणि राज्य दिल्लीकडे.

परंतु तार पंचायतीच्या दारापर्यंत येणे आणि ती गावाच्या उपयोगी पडणे, ह्यांत पुष्कळ अंतर आहे. रस्ता रुंद होताना ती तुटते. वीज गेली की पेटी बंद पडते. पेटी कुलपात असते आणि किल्ली ज्याच्याजवळ असते तो बाजाराला गेलेला असतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात ह्या अनुभवाची दखल दिसते. तार एका रेषेत न नेता कड्याच्या आकारात न्यावयाची, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून प्रवाह चालू राहील. आणि दहा वर्षांची देखभाल मूळ खर्चातच धरावयाची. उसन्या बैलाचा धडा शासनाने काही अंशी गिरविला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मालकी गावाची असावी की शासनाची, ह्यावर दोन जुनी उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. अमेरिकेत १९३५ नंतर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून, सरकारी कर्जावर, खेड्यांत वीज नेली. १९४९ पासून दूरध्वनीसाठीही तशी कर्जे मिळू लागली. त्याच धर्तीवर आपल्याकडे सत्तरीच्या सुमारास काही वीज सहकारी संस्था स्थापन झाल्या. त्यांतील एक आपल्या नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा आणि दुसरी तेलंगणातील सिरसिल्ला. मुळा-प्रवरेकडील वीजवाटपाचे काम २०११ साली गेले. सिरसिल्ल्याची संस्था अद्याप आपल्या सभासदांना वीज पुरवीत आहे. सहकार हा मंत्र नव्हे. तो नीट चालविला तर चालतो आणि ढिला पडला तर मोडतो, एवढेच ह्यावरून सिद्ध होते. तथापि सिरसिल्ल्याच्या सभासदाला दिवा गेला असता कोणाच्या दारी जावयाचे हे ठाऊक असते. तारेच्या बाबतीत आज कित्येक खेड्यांना तेच ठाऊक नाही.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. नव्या कार्यक्रमात पंचायतीचे मुख्य ठिकाण सोडून इतर सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यावयाची आहे. मागेल त्याला द्यावे, हे तत्त्व ऐकावयास न्याय्य वाटते. परंतु मागता येणे ही देखील एक संपत्ती आहे. ज्या गावात शिकलेला तरुण आहे, ओळखीचा पुढारी आहे, त्या गावाचा अर्ज आधी पोहोचेल. आदिलाबादच्या डोंगरातील गोंड पाड्याला किंवा किनवटच्या जंगलातील वाडीला अर्ज कोठे करावयाचा हेच कळले नाही, तर मागणी नाही असा शेरा त्यांच्या नावापुढे पडेल. मौन म्हणजे नको असणे, असा अर्थ हिशेबाच्या वहीत फार लवकर काढला जातो. माचनूरच्या स्त्रियांनाही कोणीतरी सोबत केली म्हणून त्यांचे म्हणणे कागदावर उतरले.

तेव्हा अनुदानाचा अर्ज लिहिणाऱ्याने, आणि तो तपासणाऱ्यानेही, तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. तार तुटली तर ती कोण जोडील? मुदत संपल्यावर खर्च कोण उचलील? आणि ह्या तारेवरून गावाला काही सांगावयाचे असेल, तर ते ऐकावयास दुसऱ्या टोकाला कोणी बसले आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंता व हिशेबनीस देऊ शकतील. तिसऱ्याचे उत्तर ग्रामसभेतच मिळावयाचे आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता आणि पाणी ह्यांच्याखाली ही एक ओळ लिहावी, आणि पंचायतीतील त्या पेटीचे कुलूप उघडून ती चालू आहे की नाही हे चारचौघांनी मिळून पाहावे. अर्जाचा आरंभ तेथून होतो.