क्वांटममधला ‘निरीक्षक’ म्हणजे नेमका कोण?

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या कोकण किनाऱ्यावरच्या गावात कुणी म्हणालं, "सध्या भांग आहे", तर पर्यटकाला होळी आणि थंडाई आठवेल. मच्छीमाराला मात्र समुद्र आठवतो. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य पृथ्वीपासून काटकोनात असतात, त्यांची ओढ एकमेकींना कमी करते आणि भरती-ओहोटीतला फरक घटतो. हीच भांगाची भरती. अमावास्या-पौर्णिमेला येतं ते उधाण. प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या डोल जाळ्यासाठी हा फरक म्हणजे रोजीरोटीचा प्रश्न.

धंद्यातला शब्द ऐकू येतो एक, असतो भलताच. क्वांटम भौतिकशास्त्रातल्या ‘ऑब्झर्व्हर’चं असंच झालंय.

‘ऑब्झर्व्हर इफेक्ट’ म्हणजे काय?

दोन बारीक फटींकडे एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका उमटतो. पण हजारो ठिपके जमले की लाटांसारखे पट्टे दिसतात. जपानमध्ये 1989 साली अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने असे पट्टे ठिपक्या-ठिपक्याने तयार होताना टिपले. मात्र इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे नोंदवणारी यंत्रणा बसवली, की पट्टे नाहीसे होतात.

मग आपण ‘पाहिल्याने’ हे घडतं का?

नाही. इथे निरीक्षण म्हणजे मापन, आणि मापन म्हणजे कणाचा दुसऱ्या कशाशी तरी असा संबंध येणं, की त्याच्या वाटेची खूण मागे राहते. ती खूण कुणी वाचली नाही तरी पट्टे जातात.

याचा पुरावा व्हिएन्नात मिळाला. 2003 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी 70 कार्बन अणूंच्या रेणूंवर असाच प्रयोग केला. निर्वात नळीत थोडा थोडा वायू सोडत गेल्यावर पट्टे फिके होत गेले. त्या रेणूंकडे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. वायूच्या कणांची धडक पुरेशी होती.

हे कळणं का गरजेचं आहे?

कारण "विचार बदला, वास्तव बदलेल, क्वांटमने सिद्ध केलंय" असं सांगणारे रील्स आणि महागडे कोर्स याच शब्दावर उभे आहेत. कुणी त्यात पैसे घालवतं, तर कुणी आजारपणात औषध सोडून ‘सकारात्मक निरीक्षण’ करत बसतं.

मापनाच्या क्षणी नेमकं काय घडतं, यावर भौतिकशास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण माणसाच्या इच्छेने हवा तो निकाल मिळतो, हे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही.

थोडक्यात: भांगाच्या भरतीने नशा चढत नाही आणि क्वांटमच्या निरीक्षकाला डोळे लागत नाहीत. पुढच्या वेळी असा रील आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे मापन कशाने केलं?