मंदीनंतरची मुंबई : १९३४ ते १९३८ या काळातील गिरणी-रोजगाराचे स्वरूप

एखाद्या प्रांतातील मंदी केव्हा संपली, हे सामान्यतः उत्पादन, किंमती व नफा यांच्या आकड्यांवरून ठरविले जाते. श्रमिकांच्या दृष्टीने मात्र एवढे पुरेसे नाही. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला, तरी पूर्वीचा कामगार पूर्वीच्याच शर्तींवर परत आला असे होत नाही. मुंबई इलाख्याचा १९३४ ते १९३८ या काळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. या वर्षांत मुंबईच्या कापडधंद्याने उभारी धरली व रोजगारही वाढला. परंतु त्या रोजगाराचे स्वरूप मंदीपूर्वीच्या रोजगाराहून भिन्न होते.

मुंबईच्या गिरण्यांवरील संकट १९२९ च्या जागतिक मंदीने प्रथम आणले असे नाही. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी १९२२ च्या सुमारास ओसरली होती. जपानी मालाची स्पर्धा, अहमदाबाद व अंतर्भागातील इतर केंद्रांची वाढ आणि १९२७ मध्ये रुपयाचा १ शिलिंग ६ पेन्स असा ठरविण्यात आलेला दर, यांच्या ओझ्याखाली हा धंदा आधीच दबलेला होता. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप खर्चकपातीच्या व नव्या कार्यपद्धतीच्या प्रश्नांवरच झाला होता. या पार्श्वभूमीवर शेतमालाच्या किंमती कोसळल्या आणि खेड्यांतील गिऱ्हाइकाची क्रयशक्ती नाहीशी झाली. स्वदेशीच्या चळवळीने १९३० मध्ये काही काळ आधार दिला, तरी तो टिकला नाही. करीमभाई समूहाच्या गिरण्यांचा डोलारा १९३३ मध्ये कोसळला आणि त्या वर्षी बेकारीने कळस गाठला.

ही बेकारी मोजण्याचे समर्पक साधन मात्र कोणापाशीच नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या बेकारीविषयक करारास भारत सरकारने १९२१ मध्येच संमती दिली होती; परंतु सार्वजनिक सेवायोजन कार्यालये स्थापन झाली नाहीत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगानेही आपल्या १९३१ च्या अहवालात अशा कार्यालयांविषयी उत्साह दाखविला नाही. कारखान्याच्या दाराशी मजूर हवे तेवढे मिळत असताना त्यांचा उपयोग काय, असा या विचारसरणीचा आशय होता. बेकारी दृष्टिआड राहण्याचे दुसरे कारण अधिक खोल होते. रत्नागिरी, सातारा व घाटावरील इतर भागांतून आलेल्या कामगाराचे गावाशी नाते तुटलेले नव्हते. काम सुटले की काही आठवडे उधारीवर काढावयाचे आणि तेही अशक्य झाले म्हणजे आगबोटीने किंवा गाडीने गावी जावयाचे, हा त्याचा परिपाठ होता. गावी गेलेला कामगार शहराच्या हिशेबातून वगळला जाई आणि खेड्यात त्याची गणना शेतकऱ्यांत होई. मुंबईची लोकसंख्या १९२१ मध्ये ११ लाख ७५ हजार होती. ती १९३१ मध्ये ११ लाख ६१ हजारांवर आली. या घटीस इतरही कारणे होती. तथापि वाढत्या औद्योगिक शहराची वस्ती दहा वर्षांत कमी व्हावी, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

गाव हा बेकाराचा विमा आहे, असे त्या काळी वारंवार म्हटले गेले. परंतु या विम्याचा हप्ता कोण भरीत होते? कोकणातील अनेक कुटुंबांचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर चाले. खोताचा खंडही बहुधा त्याच पैशातून भागे. मनिऑर्डर थांबली आणि खाणारे तोंड वाढले, असा मंदीचा दुहेरी आघात या कुटुंबांवर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. त्या आंदोलनाची मुळे खोतीच्या जुन्या अन्यायात होती हे खरे. पण शहरातील उत्पन्नाचा आधार ढासळल्यामुळे तो अन्याय अधिक असह्य झाला असावा, असे अनुमान करणे वावगे ठरणार नाही.

जे कामावर राहिले त्यांची स्थितीही स्थिर नव्हती. १९१४ हे वर्ष १०० धरल्यास कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक १९२९ मध्ये सुमारे दीडशे होता. १९३३ पर्यंत तो शंभराच्या आसपास उतरला. जिन्नस स्वस्त झाले, तेव्हा महागाईभत्ता कमी करण्यात अन्याय नाही, असा मालकांचा युक्तिवाद होता. तो पूर्ण दिवस काम मिळणाऱ्या मजुरापुरता काहीसा खरा होता. परंतु महिन्यातील निम्मे दिवस ज्याच्या हाताला काम नाही, त्याला स्वस्त धान्याचा उपयोग किती? शिवाय जुन्या कर्जाची रक्कम किंमतींबरोबर उतरत नाही. निरनिराळ्या गिरण्यांनी निरनिराळ्या प्रमाणात केलेल्या या कपातीतून एप्रिल १९३४ चा सार्वत्रिक संप उद्भवला. तो अयशस्वी झाला. त्यानंतर त्याच वर्षी मुंबई सरकारने तंटे सामोपचाराने मिटविण्याचा कायदा करून सरकारी मजूर अधिकाऱ्याची तरतूद केली.

धंद्याची उभारी प्रामुख्याने संरक्षक जकातींमुळे झाली. ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्के करण्यात आली. पुढे जपानशी करार होऊन ती कमी झाली, तरी आयातीवर मर्यादा आली. १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध सुरू झाल्यावर मुंबईच्या मालास अधिक वाव मिळाला. मात्र वाढते उत्पादन गिरण्यांनी दोन मार्गांनी साधले. पहिला मार्ग कार्यभारवाढीचा. दोन मागांऐवजी तीन वा चार माग आणि रिंगखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू एकाच कामगाराकडे देण्यात आल्या. दुसरा मार्ग रातपाळीचा. नवा कारखाना अधिनियम १ जानेवारी १९३५ पासून अमलात आला व बारमाही कारखान्यांत आठवड्याची मर्यादा ५४ तासांवर आली. त्यामुळे यंत्रे अधिक वेळ चालविण्यासाठी दुसऱ्या पाळीचे आकर्षण वाढले. रातपाळीने हजारोंना काम दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु मागणी घटताच सर्वप्रथम बंद होणारी तीच पाळी होती.

याच संधिकालात, १९३५ मध्ये, गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची योजना सुरू केली. तत्पूर्वी रोज पहाटे दाराशी जमणाऱ्या गर्दीतून जॉबर आपल्या मर्जीने माणसे निवडी व त्यासाठी दस्तुरी घेई. नव्या योजनेप्रमाणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक बदली कामगारांना कार्डे मिळू लागली. त्यांनी रोज हजर राहावे आणि रिकाम्या जागा प्रथम त्यांच्यातूनच भराव्यात, असा नियम झाला. जॉबरच्या सत्तेस यामुळे काहीसा आळा बसला. तथापि योजनेने बदलीची अनिश्चितता नाहीशी केली नाही. तिला नोंदवहीत स्थान दिले. कार्डधारकास हजेरीचे बंधन होते, कामाची हमी नव्हती. मंदीतील तात्पुरती सोय अशा रीतीने तेजीतील नित्य व्यवस्था बनली.

उभारीचा लाभ सर्वांस सारखा झाला नाही. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. याच खात्यांत कपात झाली. रातपाळीचे काम स्त्रियांस कायद्याने निषिद्ध होते. आणि १९२९ च्या प्रसूतिसाहाय्य कायद्याचा भार टाळण्याकडेही मालकांचा कल दिसून येई. परिणामी त्यांचे प्रमाण घटत गेले. अस्पृश्य कामगारांस अधिक वेतनाच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे व स्पृश्य कामगार विटाळ मानीत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळीच हा प्रश्न उपस्थित केला होता. तेजीने जागा वाढविल्या; ही भिंत मात्र पाडली नाही.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये कापडधंद्यातील मजुरांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या फेब्रुवारी १९३८ च्या अंतरिम अहवालानुसार वेतनवाढ मिळाली. त्याच वर्षीच्या औद्योगिक कलह कायद्याने संपाच्या हक्कावर निर्बंध आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. वेतन व संपाचा हक्क हे दोन प्रश्न राजकारणाच्या अग्रभागी राहिले. कामाच्या शाश्वतीचा तिसरा प्रश्न त्या मानाने मागे पडला. बदली कामगारांच्या नोंदणीची व क्रमवारीने कामवाटपाची सरकारी योजना अहमदाबाद व मुंबई येथे येण्यास १९४९-५० साल उजाडावे लागले.

तात्पर्य, मंदीनंतरच्या रोजगाराचा अंदाज करताना किती माणसे कामावर आली एवढेच विचारून भागत नाही. ती महिन्यातून किती दिवस कामावर होती, किती यंत्रे सांभाळीत होती, कोणत्या खात्याची दारे त्यांना बंद होती आणि परत न आलेल्यांचे काय झाले, हेही विचारावे लागते. १९३८ च्या मुंबईत हजेरीपट भरलेला होता. पण त्यातील पुष्कळ नावे दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून होती.